मिस्त्रींचं नाक

"जाऊ दे, जाऊ दे, उतू जाऊ दे! पूर्वेकडंच गेलं बघा!"

शेटेकाकूंनी हात जोडले. त्यांच्या मागं दाटीनं उभ्या असलेल्या बायकांनीही जोडले. नव्या बंगल्याच्या नव्या ओट्यावर, नव्या शेगडीवर, नव्या पातेल्यातलं दूध फसफसत काठावरून उतरलं. खाली चर्र आवाज झाला आणि सगळ्यांच्या तोंडावर समाधान पसरलं. वास्तुशांतीला दूध उतू गेलं की घराला काही कमी पडत नाही म्हणतात.

आमचे हे सिलिंडरशेजारी उभे होते. तासगावात त्या काळी गॅस नवलाईचा. नव्या घरात पहिलं दूध गॅसवर तापवायचं, तर गॅसचा मिस्त्रीही भटजींच्या खालोखाल मानाचा असे. त्यालाही नारळ, टोपी आणि पंगतीचं जेवण. म्हणून तर त्या दिवशी मीही ठेवणीतलं पातळ नेसून आले होते आणि उंबऱ्याशी कुंकवाची वाटी धरून उभी होते.

तेवढ्यात मला तो वास आला. कुजक्या कांद्याचा, नाकात काडी घातल्यासारखा. उतू गेलेल्या दुधानं बर्नर विझला होता आणि बटण तसंच उघडं होतं. पातेल्यामुळं ज्योत गेलेली कुणाला दिसली नाही. आणि भटजीबुवा ओट्यावरची समई लावायला काड्यापेटी उघडत होते.

"काडी ओढू नका!" मी किंचाळले. "अहो, बटण! बटण बंद करा!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग शेगडीकडं, आणि झटक्यात बटण फिरवलं. खिडक्या उघडल्या गेल्या. भटजी काड्यापेटी हातात धरून तसेच गोठले होते.

"शुभ कामात असं किंचाळतात का गं?" शेटेकाकू म्हणाल्या.

"चुकलं, काकू," मी म्हटलं.

पण माझं लक्ष काकूंकडं नव्हतंच. मी यांच्या तोंडाकडं बघत होते. उंबऱ्यावर मला आलेला वास शेगडीला चिकटून उभ्या असलेल्या माणसाला आला नव्हता. अन् त्या माणसाचा धंदाच तो होता.

परतताना लूनावर मी विचारलं, "तुम्हाला वास नाही आला?"

 मार्केट यार्ड मागं पडल्यावर हे पुढं बघतच म्हणाले, "संक्रांतीपासनं येत न्हाई."

"गॅसचा?"

"कशाचाच. त्या तापात गेला तो गेलाच. तू केसाला कुठलं तेल लावतीस तेसुदा कळंना झालंय."

मग मला एकेक कळत गेलं. गेले दोन महिने हे ज्या घरी जात, तिथल्या बाईला अदबीनं विचारत, "ताई, तुम्हीच जरा बघता का, वास जातोय का अजून?" सगळं गाव त्यावर खूश होतं. महिपती लोहार म्हणजे सालस माणूस, बाईमाणसाला विचारून काम करतो! माझ्या माहेरापर्यंत ही कीर्ती पोचली होती. आणि दिवस बेदाण्याचे. आमच्याकडं द्राक्षं सुकवताना गंधकाची धुरी देतात, त्यामुळं वाऱ्याची दिशा बदलली की निम्म्या गावाला वाटतं गॅस सुटला. त्या दिवसांत मिस्त्रीला बोलावणं म्हणजे खरा वास कुठला आणि गंधक कुठला, एवढंच सांगायला बोलावणं. हे कसं निभावत होते देव जाणे.

"सांगायचं नाही का मला?"

"सांगून काय? परीक्षा तोंडावर आलीय."

ही परीक्षा म्हणजे आमच्या घरावर टांगलेली तलवार होती. एजन्सीच्या मालकांनी सांगून टाकलं होतं, आता कंपनीचा दाखला असल्याशिवाय कुठल्याही मिस्त्रीला लोकांच्या घरात पाठवता येणार नाही. रामनवमीनंतर सांगलीला लेखी, हातकाम आणि तोंडी. पास झाला तो मिस्त्री. नापास झाला तो गोडाऊनला, टाक्या उचलायला. यांची पाठ आधीच धरलेली, टाक्या उचलणं म्हणजे अंथरूणच. त्यात सोपान बाबरनं एक भर घातली होती. सोपान हा एजन्सीतला दुसरा मिस्त्री, त्याला सगळीकडच्या बातम्या आधी कळायच्या. तो म्हणाला, तोंडीला मोघे म्हणून साहेब येतात, ते खोलीत गुपचूप गॅस सोडतात आणि विचारतात, काय जाणवतंय?

"त्या खोलीत गेलो की संपलं," हे म्हणाले.

"ते पुढचं पुढं," मी म्हटलं. "उद्यापासून कुणाच्या घरात एकट्यानं जायचं नाही. मी येणार."

"बायकोला मागं बसवून फिरतो म्हणतील लोक."

"म्हणू देत. भटजी पेटले असते आज."

प्रश्न उरला सासूबाईंचा. यांचं नाक गेल्याचं त्यांना सांगायचं नव्हतं, उगाच नवससायास सुरू झाले असते. मी म्हटलं, "आत्याबाई, यांना पुस्तक वाचायचा कंटाळा. मी बरोबर जाते, वाटेत प्रश्न विचारते."

"गाडीवर बसून शाळा?" सासूबाई म्हणाल्या. मग बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. "जा. पण परीक्षा हुईस्तवर. त्यानंतर तू आणि तुजी चूल."

मी नववी शिकलेली. पुढं शिकायचं होतं, ते राहिलं. मग किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत वाढवलं तेवढं ज्ञान. यांचं शिक्षण हातातलं. स्क्रू किती आवळायचा ते बोटाला कळायचं, पण ते सांगायचं कसं हे तोंडाला कळायचं नाही. आणि कंपनीचं पुस्तक अशा मराठीत लिहिलेलं, की लिहिणाऱ्याच्या घरात कुणी मराठी बोलत नसावं. 'दाबनियंत्रक हे उपकरण अंतर्गत उच्च दाबाचे रूपांतर वापरयोग्य निम्न दाबात करते.'

"म्हंजे रेग्युलेटर," हे म्हणाले. "मग सरळ तसं लिहा की."

"पण करतो काय तो? ते सांगा."

"बसवायचा आणि खटका दाबायचा."

शेवटी मीच म्हटलं, "हे बघा. मामंजी माजघरातून ओरडतात, 'त्या बयेला म्हणावं चहात साखर घालायला हात मोडलेत का!' आणि तेच आत्याबाई माझ्यापर्यंत आणतात तेव्हा काय असतं? 'रत्ना, जरा साखर घाल गं.' जोर आत तेवढाच, पण माझ्यापर्यंत पोचतो तो सोसण्यापुरता. रेग्युलेटर म्हणजे सासू."

हे इतके हसले की भाकरी हातात मोडली. पण पुन्हा कधी विसरले नाहीत. मग आम्ही सगळं पुस्तकच घरात आणलं. गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत बसतो, म्हणजे आमचे धाकटे दीर. कुठंही गेले की बूड टेकलंच. रबरी नळी म्हणजे मामंजींचा सदरा, फाटायच्या आत बदलायचा.

सगळ्यात अवघड होती ती काडी. जुन्या मिस्त्रींची एक खोड असे. सांधा जोडला की नाकानं अंदाज घ्यायचा आणि खात्रीला पेटती काडी सांध्याभोवती फिरवायची. बारीक गळती असली तर निळी जीभ दिसते. यांच्या उस्तादानं हेच शिकवलेलं. पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ज्योत कधीही वापरू नये, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघावेत. ज्याला नाक आहे तो काडी ओढण्याआधी निदान थांबतो तरी. यांच्या हातात ती काडी म्हणजे आंधळ्याच्या हातात कोयता. पण हात ऐकायचा नाही. बोलता बोलता खिशाकडं जायचा.

"काढा ती पेटी."

"आगं, बिडीला..."

"बिडी सोडलीत तुम्ही. पेटी काढा."

रोज एक पेटी मी जप्त करायची. पुढं वर्षभर आमच्या घरात काड्यापेटी विकत आणावी लागली नाही. त्याऐवजी मी रिठे उकळून त्याचं पाणी बाटलीत भरून द्यायची. साबणापेक्षा त्याचा फेस दाट येतो, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. हे ब्रशनं सांध्यावर फेस लावायचे आणि डोळे बारीक करून बघत बसायचे. आधी चिडून. मग हळूहळू असे, जसा सोनार बघतो.

आणि मी वास घ्यायची. दारातून आत शिरतानाच, आणि मग जमिनीलगत वाकून. "नाही, गंधक आहे, खळ्यावरचं. निवांत राहा, काकू." किंवा, "अहो, आहे. थोडा आहे. कोपऱ्यात."

सोपान बाबर आम्हाला चौकात गाठायचाच. "मिस्त्री, नवा हेल्पर देखणा ठेवलाय की!"

"पगार मागत न्हाई, म्हणून ठेवलाय," हे म्हणायचे.

"भावजी," मी म्हणायची, "तुम्हाला परवडायचा नाही असला."

लग्न होऊन आले तेव्हापासून मला तासगाव माहीत होतं ते गणपतीच्या देवळापासून दवाखान्यापर्यंत आणि सोमवारच्या बाजारापुरतं. त्या दिवसांत मी गावाच्या स्वयंपाकघरांतून हिंडले. कुणाच्या ओट्यावर गौरीच्या पावलांचा जुना रंग, कुणाच्या फळीवर लोणच्याच्या बरण्यांमागं लपवलेला आरसा. एका वकिलीणबाईंनी माझ्याजवळ मन मोकळं केलं, कारण हे सिलिंडरमागं वाकलेले होते आणि माझ्या हातात चहा होता. मी घरी आले की सासूबाईंना प्रश्नोत्तरं सांगायची, आणि रात्री अंथरुणावर पडले की दिवसभरातली घरं पुन्हा एकदा हिंडून यायची.

परतताना हे विचारायचे, "आज काय हुतं?"

"देसायांकडं मेथी फोडणीला पडली होती. शिक्षकांच्या घरात पिवळी पुस्तकं आणि बाम. पिराजींच्या घरात नवं बाळ आहे, दुधट वास होता सगळीकडं."

"शेंगदाण्याचा कुठं हुता?"

"सगळीकडंच."

"सांग की पण."

मग मी सांगायची. भाजताना पहिला कसा, टरफल तडकल्यावर कसा. हे गाडी हळू चालवायचे.

यांनी पास व्हावं म्हणून मी सोमवार धरले होते. मनापासून धरले होते. आणि प्रत्येक सोमवार उलटला की आत काहीतरी खाली बसायचं. पास झाले तर सासूबाईंच्या शब्दाप्रमाणं मी आणि माझी चूल. नापास झाले तर हे गोडाऊनला, आणि तरीही मी आणि माझी चूल. देवाकडं मागायचं तरी काय, हेच मला कळेनासं झालं होतं.

परीक्षेला मी सांगलीला बरोबर गेले. डबा घेऊन जाते, असं घरी सांगितलं. एका शेडमध्ये लेखी झाली. बाहेर एक मोठं चिंचेचं झाड होतं, त्याखाली मी सगळ्या मिस्त्रींच्या पिशव्या राखत बसले. लेखी बरी गेली म्हणाले. मग एकेकाला तोंडीसाठी आतल्या खोलीत बोलवायला लागले.

सोपान बाहेर आला तो छाती काढूनच. "वहिनी, खरं निघालं! सोडलाय गॅस, दणकून वास! साहेबानं विचारलं, खोलीत गळती हाय का? मी उंबऱ्यातनंच सांगितलं, हाय म्हणून."

त्याच्या मागून आलेलाही तेच म्हणाला. त्याच्यामागचाही. प्रत्येकाचा वास आधीच्यापेक्षा दांडगा होता. मी पदराची गाठ सोडत आणि बांधत बसले.

मग यांचं नाव पुकारलं. हे आत गेले, दार लागलं, आणि बाकीचे पटापट बाहेर आले होते तसे हे काही आले नाहीत. इतका वेळ झाला की सोपानचंसुद्धा बोलणं थांबलं.

शेवटी शिपाई दारात आला आणि मोठ्यानं म्हणाला, "लोहार मिस्त्रींचं नाक कोण हाय?"

सगळे हसले. मी उठले.

आत मध्यभागी एक सिलिंडर, नळीला जोडलेली शेगडी, आणि प्रत्येक सांध्यावर आमच्या रिठ्याचा फेस. हे बाजूला उभे, हात ओले, मान खाली. टेबलामागं मोघेसाहेब. किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला.

"तुम्ही का ते?" त्यांनी विचारलं. "हे म्हणतात गळती नाही. आणि हेही म्हणतात की यांना वास येत नाही, यांचं नाक बाहेर झाडाखाली बसलंय. तर सांगा बाई. काय वास येतोय?"

 बाहेर सगळे म्हणत होते गॅस आहे. आहे म्हणावं, तर हे चुकले. नाही म्हणावं, तर सगळ्या मिस्त्रींपुढं मी कोण? मी यांच्याकडं पाहिलं. यांनी मान वर केली नाही. मग मी जे घराघरात करायची तेच केलं. पदर खोचला, खाली वाकले, जमिनीलगत नाक नेऊन सिलिंडरभोवती एक फेरी मारली.

"काही नाही, साहेब."

"नीट बघा. तुमच्या आधी आलेल्या सगळ्यांना आला."

"फिनेल आहे. तुमच्या डब्यात लसणाची चटणी आहे. त्या कपाटामागं उंदीर मेलेला असणार. गॅस नाही."

मोघेसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग कपाटाकडं. मग उठले आणि एका हातानं ते सिलिंडर उचलून पुन्हा खाली ठेवलं. रिकाम्या घागरीसारखा आवाज आला.

"सकाळपासून रिकामं आहे," ते म्हणाले. "गेल्या वर्षी कुणीतरी उठवून दिलं की मी खोलीत गॅस सोडतो. तेव्हापासून मी मोकळी टाकी ठेवतो आणि लोकांना वास येतो. सांध्याला हात लावून बघितलं ते यांनीच."

मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात त्यांचा आवाज बदलला.

"पण मिस्त्री, ज्याला वास येत नाही त्याला मी लोकांच्या घरात सोडू का? फेस सांध्यातलं सांगतो. खोलीत आधीच भरलेलं कोण सांगणार?"

  साहेबांनी बराच वेळ कागदावर पेन टेकवून धरलं. मग लिहीत सुटले आणि सही करून कागद यांच्या हातात दिला. आम्ही दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "आणि रेग्युलेटर म्हणजे सासू, हे कुणी शिकवलं यांना?"

मी उंबरा बघून पाऊल टाकलं.

परतीच्या एस्टीत मी तो कागद वाचला. आधी 'उत्तीर्ण' वाचलं आणि देवाला हात जोडले. मग खालचा शेरा वाचला आणि तोंडातली चवच गेली. 'सदर व्यक्तीस घ्राणक्षमता नाही. घरगुती तपासणीस एकट्याने जाऊ नये. सोबत घ्राणक्षम व्यक्ती असणे बंधनकारक.'

"हे काय हो? जन्मभराचा डाग हा. आता हा कागद मालकांना दाखवायचा. साहेबांनी तुम्हाला वासाचं विचारायचंच कशाला?"

"विचारलं न्हाई," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"गळती हाय का एवढंच विचारलं. मी फेस लावला, बघितलं, न्हाई म्हणालो. साहेब खूश झालं. सही करायला पेन उघडलंवतं."

"मग?"

"मग मीच सांगितलं. वास येत न्हाई म्हणून."

 कवठे एकंदचा थांबा आला, माणसं चढली, कुणीतरी कोंबडीची पाटी आमच्या पायाशी ठेवली.

"अहो, पण का? गप्प बसला असतात तर कोरा दाखला मिळाला असता. कुणाला कळणार होतं?"

"तेच की. कुणाला कळणार हुतं." हे थोडा वेळ कोंबडीकडं बघत राहिले. "कोरा दाखला घिऊन घरी गेलो असतो. आई म्हणाली असती, झाली परीक्षा. उद्या मी एकटा गाडीवर. कुणाच्यातरी घरात कायतरी व्हायचं ते झालं असतं, ते येगळंच. पण तुला मागं बसवायला मी काय निमित्त सांगणार हुतो?"

मी कागदाची घडी घातली.

"नापास झालो असतो तरी तू घरीच," हे म्हणाले. "पेन उघडल्यावर म्हणलं, आता बोललो न्हाई तर संपलं. डाग न्हवं ती, रत्ना. जागा हाय. तुजी."

एवढं बोलून हे खिडकीबाहेर बघायला लागले, कानशिलं लाल करून. आमच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि त्या आठ वर्षांत हा माणूस एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. पुढं मीही ती परीक्षा दिली, मालकांशी भांडून पगारही घेतला, आणि आत्याबाई चार दिवस अबोला धरून पाचव्या दिवशी म्हणाल्या की सरकारी कागदापुढं कुणाचं चाललंय. त्या सगळ्या वेगळ्या गोष्टी.

त्या दिवशी एस्टीत मी फक्त तो कागद पुन्हा उघडला आणि शेरा शब्द न् शब्द वाचला. सोबत. असणे. बंधनकारक. आमच्या लग्नपत्रिकेतसुद्धा माझ्याबद्दल इतकं स्वच्छ कुणी लिहिलं नव्हतं.